इथेच, की इथेच कुठेतरी?

होडीपाशी आमचा गट अर्धा तास खोळंबला, तो पाचूबंदरच्या दोघा भावांमुळे. दोघंही कोळी, हयात दर्यावर गेलेली. गालील सरोवराच्या काठावर गिनोसारच्या संग्रहालयात लोखंडी सांगाड्यावर तोलून ठेवलेली ती काळपट होडी बाकीच्यांनी दोन मिनिटांत बघितली, फोटो काढले आणि चहाची चौकशी सुरू केली. थोरला मात्र वाकून, मान तिरकी करून फळ्यांचे सांधे न्याहाळत राहिला.

गाइड मुलगी माहिती सांगत होती. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचं पाणी खूप मागे हटलं, तेव्हा जवळच्या किबुत्झमधल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात फळीची कड दिसली. होडी साधारण सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासची. दोन हजार वर्षं चिखलात भिजलेलं लाकूड वारा लागताच तडकलं असतं, म्हणून तिला फोममध्ये गुंडाळून पाण्यावरून तरंगत नेली आणि पुढे कित्येक वर्षं मेणासारख्या रसायनाच्या टाकीत बुडवून ठेवली.

"हिच्यात बारा जातींची लाकडं सापडली," ती म्हणाली.

थोरल्याने मान वर केली. "म्हणजे गरिबाची होती."

फादरनी ते इंग्रजीत सांगितलं. मुलगी जरा चकित झाली, कारण जाणकारांचा निष्कर्षही तोच होता. मालकाने जुन्या होड्यांची लाकडं गोळा करून ही बांधली, पुन्हा पुन्हा ठिगळं लावली आणि अगदीच चालेना तेव्हा कामाचे भाग काढून घेऊन सांगाडा काठाशी टाकून दिला. "पैसेवाला असता तर एका झाडाच्या फळ्या आणल्या असत्या," थोरल्याने आम्हाला मराठीत समजावलं. "हा कर्जात होता."

धाकट्याने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "पण होडी येशूची का?"

त्याचा काहीच पुरावा नाही, असं मुलगी म्हणाली. बाहेरच्या दुकानात होडीच्या लाकडी प्रतिकृती 'जीझस बोट' म्हणून विकायला होत्या, ती गोष्ट वेगळी. फादर एवढंच म्हणाले, "वह्या काढा."

या वह्यांबद्दल आधी सांगायला हवं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये वसईतून पवित्र भूमीला गेलेला हा बत्तीस जणांचा गट पर्यटकांचा नव्हता आणि निव्वळ भाविकांचाही नव्हता. बायबल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एका फादरनी तो जमवला होता. निघण्याआधी सहा रविवार मिस्सा झाल्यावर चर्चच्या सभागृहात वर्ग झाले. हजेरी नसेल त्याने यायचं नाही, असा दंडक होता. गटात निवृत्त शिक्षक, दोन सिस्टर, केळीच्या बागायतीतलं एक जोडपं, नायगावच्या एक मावशी, हे दोघे कोळी भाऊ आणि नगरकडचे एक प्रोटेस्टंट पतिपत्नी होते. मी ख्रिस्ती नाही. पण वसईत वाढलेल्या माणसाचं लहानपण नाताळच्या करंज्यांशिवाय जात नाही. वर्गाला बसतो म्हटल्यावर फादरनी मलाही वही दिली.

त्या वहीत तीन रकाने आखलेले होते. पहिल्यावर 'इथेच', दुसऱ्यावर 'इथेच कुठेतरी', तिसऱ्यावर 'इथे आठवण ठेवतात'. प्रत्येक ठिकाण बघून झालं की ते कुठल्या रकान्यात जातं हे ज्याने त्याने ठरवायचं. फादर उत्तर सांगणार नव्हते. "श्रद्धा तुमची तुम्ही सांभाळा," पहिल्याच रविवारी ते म्हणाले होते. "मी फक्त दगड दाखवणार."

त्यांची दुसरी अट ही की जिथे जाऊ तिथे आधी त्या जागेचा बायबलमधला उतारा मोठ्याने वाचायचा. त्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ची जाडजूड प्रत एक मास्तर खांद्यावरच्या पिशवीतून वाहत होते. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक वजनालाही भारी असतं, हा त्यांचा रोजचा विनोद. ही पद्धत फादरनी एजेरियाकडून उचललेली. चौथ्या शतकाच्या अखेरीस ही बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून जेरुसलेम, सिनाय, इजिप्त फिरली आणि आपल्या मागे राहिलेल्या भगिनींना तिने सविस्तर पत्रं लिहिली. जिथे पोहोचेल तिथे ती त्या जागेचा उतारा वाचून घ्यायची आणि तिथल्या साधूंना प्रश्न विचारून भंडावायची. तिच्या पत्रांची हस्तलिखित प्रत थेट १८८४ साली इटलीत अरेझ्झो इथे सापडली, तीही पुढची-मागची पानं गळालेली. अभ्यासयात्रेचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं नाव या बाईचं घालावं लागेल.

गालीलच्या काठी आम्ही तीन दिवस होतो. समुद्र म्हणतात, पण आहे गोड्या पाण्याचं तळं. एकवीस किलोमीटर लांब, रुंदीला जास्तीत जास्त तेरा, आणि समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली. दुपारच्या जेवणाला 'सेंट पीटर्स फिश' आला. मावशींनी काट्याने पोट उलगडून बघितलं आणि जाहीर केलं, "ही तर चिलापी! गोड्या पाण्यातली! हिच्यासाठी एवढे डॉलर?" कोळी भावांनी सौजन्य म्हणून ताट रिकामं केलं.

कफर्णहूमला वह्यांवरून पहिलं भांडण झालं. काळ्या बसाल्ट दगडाच्या लहान लहान खोल्या, मधे अंगणं, जोत्याएवढ्या उरलेल्या भिंती. फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून इथे खणायला घेतलं तेव्हा एका घराची एकच खोली वेगळी निघाली. आजूबाजूच्या घरांच्या भिंतींना गिलावा नाही, हिच्या भिंतींवर गिलाव्याचे थरावर थर. सुरुवातीच्या थरांत स्वयंपाकाची भांडी सापडतात, पहिल्या शतकाच्या पुढच्या थरांत ती दिसेनाशी होतात. गिलाव्यावर लोकांनी खरडलेल्या ग्रीक, सिरियाक अक्षरांतल्या प्रार्थना आहेत. पाचव्या शतकात याच खोलीवर अष्टकोनी चर्च उभं राहिलं, तेही बरोबर ती खोली मध्यावर धरून. म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याचं घर म्हणून या खोलीचा मान फार लवकर सुरू झाला. आता त्यावर १९९० साली बांधलेलं, खांबांवर उचललेलं नवं चर्च आहे, आणि त्याच्या जमिनीतल्या काचेतून खाली ती खोली दिसते. बाहेरून ते थेट उडत्या तबकडीसारखं दिसतं. काही वास्तुरचनाकारांना मोह आवरत नाही.

"हे 'इथेच'," मास्तर म्हणाले.

"पेत्राच्या नावाची पाटी सापडली का?" नगरच्या काकांनी विचारलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. सहीशिवाय काही मानायचं नाही, ही त्यांची सवय.

"पाटी नाही. पण आजूबाजूची शंभर घरं सोडून लोकांनी याच खोलीला गिलावा का केला असेल?"

भांडण बसमध्येही चालू राहिलं. माझ्या मते मास्तर जिंकले, पण काकांनी वहीत 'इथेच कुठेतरी' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. कफर्णहूमचं पांढरं देखणं सभास्थान मात्र सगळ्यांनी एकमताने खाली उतरवलं. ते चौथ्या-पाचव्या शतकातलं. येशूने शिकवलं ते सभास्थान असलंच तर या चुनखडीच्या तळाशी डोकावणाऱ्या काळ्या दगडात शोधायला हवं.

नाझरेथला संदेश मिळाल्याच्या जागाच दोन. लॅटिनांचं, म्हणजे कॅथलिकांचं, १९६९ साली पूर्ण झालेलं भव्य बॅसिलिका एका गुहेवर, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च गावच्या झऱ्यावर. देवदूत मरीयेला घरी भेटला की पाण्याला गेली असताना, एवढाच वाद. लूकच्या शुभवर्तमानात झऱ्याचा उल्लेख नाही, तो नंतरच्या एका ग्रंथात येतो. बॅसिलिकातल्या गुहेच्या वेदीवर लॅटिनमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातलं वाक्य कोरलंय: शब्द देही झाला. फादरनी बोट ठेवून दाखवलं की त्या वाक्यात मुळात नसलेला एक शब्द मधेच बसवलाय. 'हिक'. म्हणजे 'इथे'.

"बघा, आपल्या पहिल्या रकान्याचा शब्द," ते म्हणाले. "यात्रेकरूंसाठी शुभवर्तमानातसुद्धा घालावा लागला."

यार्देन नदीचं लवकर आटपतो. बाप्तिस्म्याची जागा पश्चिम काठावर दाखवतात आणि समोर जॉर्डन देशाच्या काठावरही. मधे मातकट पाण्याचे काही मीटर, त्यात आंतरराष्ट्रीय सीमा. १९६७च्या युद्धानंतर पश्चिमेकडच्या शेतात सुरुंग पेरले गेले होते, त्यामुळे तो काठ सर्वांना रोज खुला व्हायला २०११ साल उजाडलं. समोरच्या काठाला युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशात घेतलं. योहानाचं शुभवर्तमान 'यार्देनेच्या पलीकडे' म्हणतं, त्यामुळे पारडं तिकडे झुकतं. मावशींनी काठ कुठलाही असो, बाटली भरून घेतली.

बेथलेहेमला जाताना बसमधली आमची गाइड उतरली. इस्रायली नागरिकांना तिथे जायची परवानगी नाही, म्हणून आठ मीटर उंच काँक्रीटच्या भिंतीपलीकडे दुसरा, पॅलेस्टिनी ख्रिस्ती गाइड चढला. जेरुसलेमपासून अंतर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, विरार स्टेशनहून अर्नाळ्याला जावं साधारण तेवढं. नवा गाइड ऑलिव्हच्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या घराण्यातला. त्याच्या आजोबांच्या काळात गाव बहुतांश ख्रिस्ती होतं, आता ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत, असं तो म्हणाला. नातेवाईक कुठे गेले विचारल्यावर "चिली" असं उत्तर आलं. बेथलेहेमच्या आसपासची बरीच कुटुंबं शंभर वर्षांपूर्वीपासून दक्षिण अमेरिकेत गेलेली आहेत.

जन्ममंदिराचं दार सव्वा मीटर उंचीचं. घोडे आत घुसवू नयेत म्हणून ते बुजवत बुजवत एवढं केलं, असं सांगतात. थोरल्याने पाठ वाकवताना कळ आल्यावर एक शब्द उच्चारला, तो पवित्र जागेत शोभणारा नव्हता. आत सहाव्या शतकातले खांब. २०१३ पासून चाललेल्या दुरुस्तीने छताची गळती थांबली होती आणि भिंतीवरची सोनेरी मोझाइक काजळी उतरून चमकत होती. खालच्या गुहेत संगमरवरात चौदा टोकांची चांदीची चांदणी. तिच्यावरच्या लॅटिन लेखाचा पहिलाच शब्द 'हिक'. पुन्हा 'इथे'. ही चांदणी १८४७ साली नाहीशी झाली, तेव्हा लॅटिन आणि ग्रीक एकमेकांवर आरोप करत राहिले, फ्रान्स आणि रशिया आपापल्या बाजूला उभे राहिले, आणि पुढे क्रिमियन युद्धाच्या कारणांच्या यादीत हा तंटा जाऊन बसला. आज जिला लोक ओठ टेकवतात ती चांदणी १८५३ मध्ये बसवलेली.

"पण गोठा कुठाय?" धाकट्याने विचारलं.

फादर हसले. गव्हाण लूकने सांगितली, मत्तय घर म्हणतो, गुहेचा उल्लेख दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाकडे येतो, आणि तो याच मुलखातला, नाबलुसचा. गाय आणि गाढव तर चारही शुभवर्तमानांत नाहीत. ते ऐकून अख्ख्या गटाचा चेहरा पडला. येशूचं काही सिद्ध झालं नाही तर चालेल, पण गाय काढून घेतलेली कुणालाही आवडली नाही.

माझ्यासाठी बेथलेहेम म्हणजे शेजारच्या संत कॅथरीन चर्चखालची एक रिकामी, उजाड गुहा. संत जेरोम ३८६ साली इथे आला आणि ४२० मध्ये मरेपर्यंत बेथलेहेममध्येच राहिला. हिब्रू शिकून त्याने जुना करार लॅटिनमध्ये आणला आणि पश्चिम युरोपने ते भाषांतर हजार वर्षांहून अधिक काळ वाचलं. त्याच्या मठांचा खर्च पाउला या श्रीमंत रोमन विधवेने केला. ती आणि तिची मुलगी स्वतः हिब्रू शिकल्या आणि प्रश्न विचारून जेरोमला कामाला लावत राहिल्या. गुहेत उभं असताना मला मुक्ती मिशनचं केडगाव आठवलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडावर त्यांनी ते संपवलं आणि मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. जेरोमच्या गुहेत ही गोष्ट नगरच्या काकूंनी सांगितली, मी नाही. त्यांच्या आजी मुक्तीत वाढलेल्या. त्या बोलत होत्या तेव्हा वही कुणीच उघडली नाही.

जेरुसलेमला आम्ही पहाटे पाचला पवित्र कबरीच्या चर्चपाशी उभे होतो. दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुसलमान घराण्याकडे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे आहे, कारण आतल्या ख्रिस्ती पंथांचा एकमेकांवर भरवसा नाही. ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन, अशा सहा पंथांत हे चर्च वाटलेलं. कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे सगळं अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या ऑटोमन फर्मानांनुसार जसंच्या तसं चालतं. दर्शनी खिडकीखालच्या कठड्यावर लाकडी शिडी आहे. अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती दिसते. ती हलवायला सगळ्यांची संमती लागते, म्हणून ती तिथेच. २००२ मध्ये छपरावर एका कॉप्टिक साधूने उन्हातून खुर्ची सावलीत सरकवली, त्यावरून मारामारी होऊन अकरा जण दवाखान्यात गेले. आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून भाऊभाऊ कोर्टात जातात, त्यामुळे गटात कुणालाच फार नवल वाटलं नाही.

"ही जागा तर शहराच्या मधोमध आहे," काकांनी पहिला हल्ला चढवला. "क्रूसावर खिळलं शहराबाहेर."

फादर जणू या प्रश्नासाठीच आले होते. येशूच्या काळात ही जागा तटाबाहेर होती. जुनी चुनखडीची खाण, तिच्या भिंतीत खोदलेल्या कबरी. तट पुढे नेऊन ती जागा शहरात आली ती इसवी सन ४१ ते ४४च्या दरम्यान, हेरोद अग्रिप्पाच्या राज्यात. ते आम्हाला कबरीच्या मागच्या सिरियाक चॅपेलमध्ये घेऊन गेले. आगीने काळवंडलेल्या भिंती, पडका पत्रा. दुरुस्ती कोणी करायची यावर आर्मेनियन आणि सिरियाकांचं एकमत होत नाही. पण कोपऱ्यातल्या भोकातून वाकून आत गेलं की खडकात खोदलेले, प्रेत सरकवायचे अरुंद कोनाडे, पहिल्या शतकातल्या यहुदी कबरींचे. मोबाइलच्या उजेडात काका बराच वेळ आत होते. बाहेर आले ते धुळीने माखून.

२०१६ मध्ये अथेन्सच्या तंत्र विद्यापीठाच्या पथकाने कबरीवरचा संगमरवर शतकांनंतर पहिल्यांदा उचलला. खालच्या जुन्या फरशीच्या चुन्याचा काळ काढला, तर तो इसवी सन ३४५च्या आसपासचा निघाला. म्हणजे कॉन्स्टंटाइनने बांधलेल्या आणि १००९ मध्ये खलिफा हाकिमने उद्ध्वस्त केलेल्या चर्चचा गाभा तिथेच शिल्लक होता. "यातून काय सिद्ध झालं?" फादरनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, एवढ्या दिवसांत एकदाच. "चौथ्या शतकातल्या माणसांनी 'इथेच' म्हटलं, ते हेच ठिकाण. त्यांना कोणी सांगितलं, ते चुना सांगत नाही."

दुपारी नगरच्या जोडप्याच्या आग्रहाने गार्डन टुंबला गेलो. दमिश्क दरवाजाबाहेरची शांत बाग, खडकात कोरलेली एकच कबर, मोजकी फुलझाडं. धूप नाही, ढकलाढकली नाही. १८८३ मध्ये इंग्रज सेनापती गॉर्डनने शेजारचा कडा कवटीसारखा दिसतो म्हणून हाच गुलगुथा, म्हणजे क्रूसाची जागा, ठरवला, आणि मूर्ती-मेणबत्त्यांत जीव घुसमटणाऱ्या प्रोटेस्टंटांना तो मानवला. पुरातत्त्वज्ञ मात्र ही कबर येशूच्या सहाशे-सातशे वर्षं आधीची मानतात. बायबलात कबर नवी, कुणाला न ठेवलेली. काकूंना हे माहीत होतं. तरीही त्या बाकावर डोळे मिटून बसल्या, आणि परत आल्यावर तिसऱ्या रकान्यात नाव लिहून त्यापुढे एक बारीकसं फूल काढलं.

क्रूसाची वाट आम्ही शुक्रवारी फ्रान्सिस्कन साधूंच्या मागून दुपारी तीनला चाललो. मराठी गाणी, मसाल्याचा वास, दुकानदारांच्या "इंडिया! शाहरुख!" अशा हाका, सगळं एकात एक. वाट मध्ययुगातली. पिलाताचा न्याय बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या याफा दरवाजाजवळच्या हेरोदाच्या राजवाड्यात झाला असावा, असं अनेक अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर आपण उलट्या दिशेने चालतोय, असं मास्तर कुजबुजले. पण तेव्हा क्रूस मावशींच्या खांद्यावर होता आणि मावशी कुणाचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या.

शेवटच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर लाट्रूनला थांबलो. अम्माऊस. पुनरुत्थित येशू दोन शिष्यांबरोबर जिथवर चालला आणि भाकर मोडली तेव्हा ओळखू आला, ते गाव. त्याचे निदान चार दावेदार आहेत. लूकच्या बहुतेक प्रतींत अंतर साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर, काही जुन्या प्रतींत एकशेसाठ. लाट्रूनला एकशेसाठच जुळतं. एका नकलनवीसाने एक शब्द गाळला की दुसऱ्याने एक घातला, यावर गाव वीस किलोमीटर सरकतं.

पुढे रामलेत भारतीय जिन्नसांच्या दुकानात शेंगदाण्याची चटणी घेताना गल्ल्यावरच्या बाई मराठीत म्हणाल्या, "कुठले तुम्ही?" बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांचे आजोबा अलिबागकडचे, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. आमच्या सिस्टरनी गळ्यातला क्रूस नकळत पदराआड केला. बाईंनी तो पाहिला होता. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "वसईच्या ना? आमच्या आजीची नर्स वसईचीच होती." विमानाची वेळ झाली म्हणून उठावं लागलं.

दुसरा गट नोव्हेंबर २०२३ मध्ये निघायचा होता. ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं आणि तो रद्द झाला. त्या वर्षी बेथलेहेमने नाताळचे सार्वजनिक सोहळे केले नाहीत. तिथल्या लुथेरन चर्चने गव्हाणीऐवजी फुटक्या काँक्रीटचा ढिगारा रचून त्यात बाळ येशू ठेवला. तो फोटो फोनवर आला तेव्हा मी पाचूबंदरला थोरल्याच्या अंगणात होतो. तो आणि नातवंडं नाताळचा गोठा करत होती. परतल्यापासून तो गवती छपराऐवजी तारेच्या जाळीवर गोणपाट आणि सिमेंट लिंपून गुहा करतो, तोंड मुद्दाम ठेंगणं. पहिल्या वर्षी अख्ख्या आळीने नावं ठेवली होती.

त्याने फोटो जवळ धरून बराच वेळ पाहिला, मग फोन नातीकडे दिला. गुहेत बाळ, मरीया, योसेफ ठेवून झाले होते. कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक काहीतरी उरलं होतं.

"बायबलात गाय नाही म्हणाले ना फादर?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि कागद सोडवून गाय आत सरकवली.